पासचा शेरा

पहिला फटका मनगटावर बसला. टायर काढायची लोखंडी टॉमी ती, तिला हाड काय आणि रिम काय, सगळं सारखंच. समाधानच्या हातातलं हवा बघायचं मीटर उडून शेडच्या पत्र्यावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला आधी ऐकू आला, दुखणं मागून आलं.

"तूच न्हवं का त्यो, टायरला पास देनारा?" भैरू ओरडला. "बोल की!"

भैरूचं डोकं ताजं भादरलेलं होतं. धाकट्या भावाचा, गणराजचा दहावा कालच झाला होता. वडिलांची शेती कारखान्यांखाली गेल्यावर दोघा भावांनी मिळून पिकअप घेतली होती. खाणीतली खडी आळीपाळीने वाहायची आणि खायचं. दहा दिवसांपूर्वी तळेगाव रस्त्यावर गणराज चालवत असलेल्या भरल्या गाडीचा मागचा टायर फुटला. गाडी समोरच्या कंटेनरवर गेली. गणराजला पत्रा कापून बाहेर काढावं लागलं. टायर नवाकोरा होता, स्वस्तातला. डांबरावर पळतो, खाणीतही चढतो, असं सांगून दुकानदाराने तो गळ्यात मारला होता. चाचणीचा कागद दुकानात फ्रेम करून लावला होता, आणि त्या कागदाखाली समाधानची सही होती.

समाधान लातूरकडचा. चाकणच्या ह्या टायर कंपनीत तो चाचणीच्या गाड्या चालवायचा. हा टायर त्याने आठ हजार किलोमीटर पळवला होता. अर्धे डांबरावर, अर्धे खाणीत. ओल्या रस्त्यावर ब्रेक जरा उशिरा लागतो. ऐंशीच्या पुढे भुंग्यासारखा घूं घूं करतो. पण चिखलातून चढतो आणि धोंड्यांनी कापला जात नाही. त्याने हे सगळं लिहिलं आणि खाली शेरा मारला: पास. खोटा शेरा त्याने आयुष्यात मारला नव्हता. त्यापायी आधीच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या, आणि त्याचा त्याला थोडा माजही होता.

दुसरा फटका बरगडीत बसला. जेवणाची सुट्टी झालेली, शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. वॉचमन होता, तो रक्त बघून जो पळाला तो थेट गेटापर्यंत. समाधान तोंडावर आपटला तो नेमका त्या फुटक्या टायरवर. मायलेकांनी तो टेम्पोत घालून आणला होता. माय, छबूबाई, दारात उभी होती. ती ओरडत नव्हती आणि पोराला आवरतही नव्हती.

टायर आतून फाटून उघडा पडला होता. समाधानचा गाल त्यात रुतला. गालाला रबराचा भुगा लागला, चहाच्या भुकटीसारखा काळा, बारीक. कडेने सगळीकडे घासल्याचा गोल पट्टा उठला होता. मार खातानाही त्याच्या डोळ्यांनी आपलं काम केलं. हा टायर कच्चा नव्हता. हा निम्म्या हवेवर पळाला होता, तोही भरल्या गाडीखाली.

खाणीत अशीच पद्धत. चढ आला की मागच्या चाकांतली हवा सोडायची, म्हणजे टायर बसका होतो आणि धोंड्यांना धरून चढतो. वर डांबराला लागलं की पंक्चरवाल्याकडे थांबायचं आणि हवा पुन्हा भरायची. न भरता पळवला तर टायर आतल्या आत शिजतो आणि फुटतो. हे खाणीतल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. गणराजलाही असणारच.

"हवा..." समाधानने रक्त गिळलं. "हवा कुणी सोडली होती?"

भैरू थांबला. टॉमी वर गेली होती ती वरच राहिली. मग त्याने समाधानच्या तोंडावर लाथ घातली. मग आणखी एक. दात तुटून जिभेवर आला. इतका वेळ भैरू जाब विचारायला मारत होता. आता तो तोंड बंद करायला मारत होता. समाधानला उत्तर मिळालं.

"भैरू, थांब." छबूबाई पुढे आली आणि समाधानजवळ खाली बसली. "लेकरा, माज्या गणूला कुनी खाल्लं, येवढंच सांग मला. टायर खराब व्हता का? तुला तुज्या आईची आन हाय."

खरं सांगितलं तर एका वाक्यात सुटका होती. नोकरी वाचणार होती, उरलेली हाडंही वाचणार होती. समाधानने वर पाहिलं. भैरू त्याच्याकडेच बघत होता. त्याने हात जोडायचे तेवढे बाकी होते. आणि म्हातारीने बसल्या जागी त्याच भैरूच्या शर्टाचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. हा एकच उरला होता तिला. समाधानला स्वतःची आई आठवली आणि तिची शपथ त्याने तिथल्या तिथे मोडली.

"होय मावशी," तो म्हणाला. "टायरच खराब होता. मी खोटा पास दिला."

छबूबाई उठली. तिने भैरूच्या हातातून टॉमी काढून घेतली. जन्मभर भारे उचललेले हात ते. तिने दोन्ही हातांनी टॉमी डोक्याच्या वर नेली. समाधानने डोळे मिटले.

फटका बसल्याचा आवाज आला. त्याला मात्र लागलं नाही. अंगावर एकदम ओझं आलं आणि मानेवरून गरम रक्त ओघळलं. त्याने डोळे उघडले. भैरू त्याच्यावर पालथा पडला होता, खांदा फुटला होता. टॉमी अजून म्हातारीच्या हातात होती.

"त्याला नगं, आई," भैरू म्हणाला. "हवा म्या सोडली व्हती. गणूला सांगायचं ऱ्हायलं."