प्रधानाची कबुली

"वेणूताई, शब्द नीट पुरवा हां," विंगेत मिशी चिकटवत दाजी कंत्राटदार म्हणाले. "समोर अख्खं गाव बसलंय, आणि मला यंदा जिल्हा परिषदेला उभं राहायचंय."

देवळाच्या उत्सवातल्या नाटकाला वेणूताई तरुणपणापासून प्रॉम्प्टिंग करत आल्या होत्या. या वेळी प्रधानाची भूमिका दाजींनी मागून घेतली होती, कारण सर्वांत लांब भाषण प्रधानाचं होतं. त्यात तो धरणाचे दगड विकून खाल्ल्याची कबुली देतो, याकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

कबुली झकास झाली. टाळ्या थांबल्यावर पुढच्या चटईवरून गुणाजी शांतपणे म्हणाला, "वन्स मोअर."

वन्स मोअर नाकारायचा नाही, असा गावाचा रिवाज होता. दाजींनी ओढ्यावर बांधलेला साकव, म्हणजे छोटा पूल, पहिल्याच पुरात वाहून गेला, तेव्हा त्यावर गुणाजीची सून होती.

दाजींनी पुन्हा कबुली दिली. आवाज जरा खाली आला होता. या वेळी कोणी टाळी वाजवली नाही.

"वन्स मोअर," गुणाजी म्हणाला.

दाजी गुडघ्यांवर बसले. वेणूताईंनी हळूच वाक्य पुरवलं, "महाराज, त्या धरणाचे दगड..."

"साकवाचं सिमेंट," दाजी म्हणाले. "मी खाल्लं, गुणाजी."

हे काही नाटकात नव्हतं. वेणूताईंनी पुस्तक मिटलं. सिंहासनावर महाराज झालेले मास्तर पुढच्या वाक्यासाठी विंगेकडे बघत राहिले. गुणाजीने चटई गुंडाळली, काखेत मारली आणि तो घरी गेला.