कावळ्याची थिअरी

परळच्या खाली लपलेल्या शहराची ती ऑनलाइन कादंबरी आमचा अख्खा ग्रुप वाचतो. काल अवधूतने थिअरी टाकली, "ज्याच्या हातच्या घासाला कावळा शिवत नाही, तो पिशाच्च. खालून आलेला."

माझं डोकं सटकलं. "येडा आहेस का रे? थांब, व्हिडिओच टाकते."

आई रोज चाळीच्या गॅलरीत कठड्यावर कावळ्यांना भात ठेवते. आज मी ठेवला. समोर तारेवर कावळे बसलेले, पण एकही हलला नाही.

"आई, तू ठेव गं जरा."

तिने त्याच टोपातला भात शेजारी ठेवला. सगळे त्यावर तुटून पडले. माझ्या भाताला चोचही लागली नाही.

"नाटकं बघ त्यांची," मी हसले.

आई हसली नाही. तिने धाकट्या ओवीला पाठीमागे ओढलं आणि हळूच मला विचारलं, "माझी पोरगी कुठाय?"