डांबर बसेना

उन्हाळ्यात नावाडी पुंडलिकरावाने आपली नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून आंजी गावातल्या आपल्या घरी आणली. भर उन्हात त्याने बुडाचं जुनं डांबर खरवडलं आणि नवं लावायला घेतलं. ते फळ्यांवर बसेना. बूड ओलं होतं.

त्याने फडक्याने पुसलं. ओल बोटभर वर चढली.

"अनुसये, पाणी टाकलं काय वं इथं?"

"मी काऊन टाकू?" ट्रॉलीजवळ खाली बसून त्याची बायको गहू निवडत होती.

घराची भिंतही तेवढ्याच उंचीपर्यंत ओली झाली होती.

"तू आधी उठ तिथून."

नाव ट्रॉलीवर अलगद डुलली. त्याने वळून पाहिलं. अनुसयेचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. तिचे केस सुटून वर तरंगत होते.