यजमान बसत नाही

"आजोबा, आता बसा पाहू," निरीक्षक बाई म्हणाल्या.

रादिसाव आजोबा हसले. "पोरी, घरात स्लावा असताना यजमान कधी बसतो का? तू पाहुणी. तू बस आणि पोटभर खा."

बाहेर जुलैचं ऊन होतं. स्लावा म्हणजे सर्बियन घराण्याच्या कुलदैवताचा सण; त्यांचा, संत निकोलाचा, येतो भर हिवाळ्यात. पण आजोबांच्या डोक्यात तो रोज दुपारी उगवायचा. मग ते थरथरत्या हातांनी सगळ्यांना वाढत फिरायचे. एकदा तर पडलेही होते. त्यामुळे बाईंचंही चुकत नव्हतं. हे घर फक्त स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी होतं, आणि जो बसणार नाही त्याला वरच्या मजल्यावर खाटेवर जेवू घालायचं, असा नियम होता.

परिचारिका गोर्दाना मध्ये पडली. म्हणाली, यांची बायको देसांका आजी यांच्याच हातचं खाते. हे वर गेले तर ती उपाशी राहील.

आजींची स्मृती पारखायला बाईंनी त्यांना विचारलं, सध्या कोणतं साल चालू आहे. आजी त्यांच्या बाहीवरचं बटण चाचपत राहिल्या. "तू मिलेवाची धाकटी ना गं? केवढी झालीस!"

नवऱ्यापेक्षा हिचंच जास्त बिघडलंय, असं बाईंना वाटलं.

तरी त्यांनी दोन दिवस आजोबांना वर ठेवून पाहिलं. पाहुणे कुठे गेले म्हणून ते दाराशी उभे राहून रडले. खाली आजींनी तोंड घट्ट मिटून घेतलं. भरली मिरची तशीच परत गेली, सूप हनुवटीवरून ओघळलं. गोर्दानाचा जीव तुटत होता.

शेवटी बाईच विरघळल्या. म्हणाल्या, वाढू दे त्यांना. तोल सावरायला मागे कुणीतरी उभं राहा. आजोबा खाली आले, बायकोच्या ताटात मिरची वाढली आणि आजींनी तोंड उघडलं. बाईंनी मान फिरवून डोळे पुसले.

दुपारी आजोबा झोपल्यावर मुलगी यास्ना भेटायला आली. आजींनी तिला बागेतल्या लांबच्या बाकावर नेलं.

"पिशवीत खायला असेल ते आधी काढ. दोन दिवस पोटात कावळे ओरडत होते," त्या म्हणाल्या. "आणि बुधवारी डॉक्टर मला तपासायला येणार आहेत. मी तुला ओळखलं नाही, तर मागच्यासारखी हसू नकोस. मला ठणठणीत ठरवून घरी पाठवलं, तर तुझे बाबा वाढतील कुणाला?"