पोकळ पदक

गोवा राज्य झालं त्या वर्षी खाणीसाठी विनोदिनीचं माहेरचं घर पाडायचं ठरलं, तेव्हा तिने डिचोलीच्या गोकुळदास सोनाराकडे त्या घराचंच पदक घडवायला टाकलं. उतरतं छप्पर, पुढचा सोपा आणि शिंपल्यांच्या तावदानांची ती खिडकी. दागिने पोचवायला त्या खिडकीखाली गेलं की गोकुळदासचाही आवाज आपोआप उतरायचा. आत कुणी निजलंय असं वाटायचं.

"शेट, आत लाख भरू नकात," ती म्हणाली होती. "पोकळच रवांदे."

पण पोकळ सोनं चेपू नये म्हणून लाख भरायची, ही हाताची जन्माची सवय. दुपारी डोळ्यांवर झापड होती, मन त्या घराच्या अंगणात फिरत होतं, आणि हाताने मागच्या छिद्रातून लाख भरून टाकली. तिकडे त्याच दुपारी घर पाडायला घेतलं होतं.

लाख थंड झाली तशी टकटक सुरू झाली.

रस्त्यावरून खनिजाचे ट्रक गेले, तरी ती थांबेना. त्याने पदक तळहातावर घेतलं, तर तळहाताला जाणवू लागली. खिडकीच्या आतून, बोटाच्या पेराने कुणी सावकाश मारावी तशी.

"काढतां हां, बाये," तो पुटपुटला. कुणाला, ते त्यालाही कळलं नाही.

त्याने पदक निखाऱ्यावर धरलं. लाख वितळून थेंब थेंब गळाली. शेवटचा थेंब पडला आणि टकटक थांबली. दुकानभर नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा वास पसरला. गोकुळदासने पदक निवू दिलं आणि अलगद कानाला लावलं.

आत कुणीतरी अनवाणी पावलांनी खिडकीपाशी आलं, आणि आतून कडी घातली.