उलट्या चिरा

बातमी बिनतारी रेडिओवर आली, म्हणून नदीकाठच्या सगळ्या मासेमारीच्या तळांवर ती एकाच वेळी पोचली. "याकोकाका, ऐकताय ना?" दवाखान्यातल्या मुलीचा आवाज थांबत थांबत येत होता. "अगाफियाकाकू आज सकाळी गेल्या. शहरातल्या इस्पितळात. परवाच्या विमानानं आणतायत त्यांना." याको तेव्हा जाळ्यातले मासे टबात टाकत होता. बायको गेल्याचं ऐकून हातातला मासा त्यानं खाली ठेवला. रेडिओचं बटण दाबून तो म्हणाला, "ऐकलं."

टबांत चाळीस मोठे सॅल्मन पडले होते. हिवाळ्याचं जेवण. सून मात्रोना तंबूतून बाहेर आली. तिनं माशांकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. दोघांच्या मनात एकच गोष्ट आली आणि दोघांनाही तिची लाज वाटली. घरातलं माणूस गेलं की पाच दिवस त्या घरात कुणी सुरीला हात लावायचा नाही. नाहीतर जाणाऱ्याची वाट कापली जाते. पण मासे पाच दिवस थांबणार नव्हते. उद्या संध्याकाळपर्यंतच त्यांना वास सुटला असता. मासा वाया घालवणाऱ्याच्या जाळ्यात तो पुन्हा येत नाही, हे अगाफियाच सगळ्यांना सांगायची.

आठ दिवसांपूर्वी इस्पितळात जायला विमानात चढताना तिनं आपली अर्धगोल पात्याची सुरी त्याच्या हातात दिली होती. तिच्या आईची सुरी.

"मी नाही आले तर माझ्यासारखी कापेल तिला दे."

"तुझ्यासारखं वाकडं कोण कापणार?" तो म्हणाला होता. ती हसली होती.

अगाफिया डावखुरी होती. मासा उघडून त्याच्या मांसावर तिरप्या चिरा देतात, वारा आणि धूर आत शिरावा म्हणून. नदीवरच्या बाकी बायकांच्या चिरा एका बाजूला कलायच्या, तिच्या दुसऱ्या. तीस वर्षं त्यावरून तिची टिंगल चालली होती. त्यात चुलतजाऊ ओलिंका सगळ्यांच्या पुढे.

"जाऊबाई, तुझे मासे उलटे पोहत समुद्रात परत जातील हं."

"जाऊ देत. तुझ्या धुरात गुदमरण्यापेक्षा बरं."

मात्रोना दोन उन्हाळे सासूकडून शिकली, पण तिला ते जमलं नाही. अगाफियाची कापायची तऱ्हा तिच्याबरोबर गेली, असं याकोला वाटलं. सुरी त्यानं कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती. त्या डब्याकडे त्याला बघवेना.

भरती चढली तशा होड्या आल्या. तीन होड्या, सहा बायका, प्रत्येकीच्या पिशवीत आपली सुरी. कुणी गळ्यात पडलं नाही. ओलिंका बाह्या वर सारत म्हणाली, "भाऊजी, चहा ठेवा. तेवढं तरी येतं ना? आणि इकडे पाठ करून बसा. मात्रोना, तूपण."

याको शेकोटीपाशी पाठ करून बसला. एरवी चाळीस मासे म्हणजे या बायकांना गप्पा मारता मारता उरकण्याचं काम. आज गप्पा नव्हत्या आणि वेळ फार लागत होता. मधूनच कुणीतरी "आई गं" म्हणायचं. "जपून!" ओलिंका ओरडायची. दुःखानं हात थरथरत असतील, असं याकोला वाटलं.

काम संपवून त्या चहाला आल्या, तेव्हा चौघींच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. ओलिंकानं कप डाव्या हातात घेतला. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गुंडाळलेली होती.

"वहिनी, तुमचा हात कापलेला मी कधी पाहिला नाही," याको म्हणाला.

"म्हातारी झाले. साखर आहे की नुसतंच गरम पाणी पाजताय?"

पाणी ओसरायच्या आत त्या निघून गेल्या. याको माशांखाली धूर करायला उठला आणि त्यानं वाळवणाच्या दांड्यांकडे पहिल्यांदा पाहिलं. लाल मासे ओळीनं टांगलेले होते, वाऱ्यानं हलत होते. चिरा ओबडधोबड होत्या. कुठे खोल, कुठे वरवरच्या, पहिल्यांदाच मासा कापणाऱ्या मुलीनं दिल्यासारख्या. पण चाळीसच्या चाळीस माशांवर त्या अगाफियाच्या बाजूला कलल्या होत्या.

मात्रोना शेजारी येऊन उभी राहिली. तिनं एका माशावरच्या चिरांवरून बोट फिरवलं.

"बाबा," ती म्हणाली, "सगळ्यांनी डाव्या हातानं कापलेत."

पाच दिवस झाले. मग उन्हाळाही संपला. सुरी अजून कॉफीच्या डब्यात आहे. ती कुणाला द्यायची, ते याकोचं अजून ठरलेलं नाही.