लाल रंगाचा डबा

मुरुडच्या रस्त्याच्या रुंदीकरणात ज्या झाडांवर लाल आकडे पडले, ती आठ दिवसांत आडवी झाली. अन् आता त्याच रस्त्याकडेच्या नागाबाईच्या बांधावरच्या चिंचेखाली लातूरचा एक चित्रकार तीन दिवसांपासून ठाण मांडून बसला होता.

"चित्र काढायलोय, मावशी."

"चित्रासाठी माझीच चिंच घावली व्हय रं?"

चौथ्या दिवशी त्यानं लाल रंगाचा डबा उघडलेला दिसला, तशी नागाबाई काठी घेऊनच धावली.

चिंच कोरीच होती. बुंध्याशी ठेवलेल्या दगडाला लाल रंग फासून तो त्यावर दोन डोळे काढत होता.

"आकडेवाले उद्या येणार हायेत, मावशी."



नागाबाईनं काठी टाकली अन् नारळ आणायला ती घराकडं पळाली.